पाणी येण्याचा दिवस

दुपारचं जेवण झालं की मी जरा आडवी होते, आणि डोळा लागता लागता मला अजून तात्यांचा माग ऐकू येतो. खट्... मग जरा थांबून खटाक. माग आता तिथं नाही. त्या खोलीत शिलाईचं मशीन आलंय, हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी ऐकू येतो. जाग आणि झोप यांच्या मधल्या त्या वेळेत सोलापूरच्या भवानी पेठेतली आमची गल्ली अजून तशीच असते. पत्र्यावर ऊन तापतंय, कुणाच्या तरी घरात शेंगा कुटतायत, लांबून यंत्रमागांची घरघर येतेय आणि त्या सगळ्याच्या खाली त्या एकट्या मागाचा आवाज. मग कुठंतरी पाणी वाहायला लागतं आणि मी दचकून उठते. उठून आधी नळ बघते. बंद असतो.

तात्या आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. विणकर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. पेठेत सगळ्यांनी यंत्रमाग घेतले, नंतर कित्येकांनी तेही भंगारात घातले. पण तात्यांनी बाहेरच्या खोलीतला हातमाग काही काढला नाही. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातांनी दोऱ्याचा धोटा इकडून तिकडं फेकायचा. खोली गल्लीपेक्षा दोन पायऱ्या खाली होती. आत गेलं की उन्हातून एकदम गार अंधारात उतरल्यासारखं वाटायचं. कौलांमध्ये एक काच बसवली होती, तिच्यातून उजेडाचा एक चौकोन सुतावर पडायचा आणि दिवसभर हळूहळू सरकत राहायचा. मी कितीतरी दुपारी नुसती त्या पायरीवर बसून तो चौकोन बघितलाय. घरात मी एकटी, दुसरं काय करणार?

माझ्याबद्दल सांगायचं तर मी बत्तीस वर्षं कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं. हसू नका. गल्लीतले लोक हसायचेच. 'बाई, तुमी नेमकं काय शिकवता?' असं भाजीवालीनं एकदा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, 'चांगलं कसं वागायचं ते.' तिनं मेथीची जुडी पिशवीत टाकत विचारलं, 'आन त्याला पगार देतेत?' तेव्हा मला राग आला होता. मला राग लवकर येतो, आणि तो योग्य जागी क्वचितच येतो.

वर्गात मी कर्तव्यांचे प्रकार शिकवायचे. हे माझं आवडतं प्रकरण. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायची. डावीकडं पूर्ण कर्तव्यं : दिलेला शब्द पाळणं, खोटं न बोलणं, कुणाचं नुकसान न करणं. यात सूट नाही, सवलत नाही, 'आज जमत नाही हो' नाही. उजवीकडं अपूर्ण कर्तव्यं : गरजूला मदत करणं, दयाळू असणं. ही करायचीच असतात, पण कुणासाठी, कधी, किती, हे आपण ठरवायचं. सगळ्या जगाला काही आपण पुरे पडत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, 'मॅडम, दोन्ही एकाच वेळी दारात आली तर?' मी पुस्तकातलं उत्तर दिलं. जिथं जास्त निकड, तिथं आधी जायचं. पण मागं राहिलेलं कर्तव्य पुसलं जात नाही, ते आपल्या अंगावर राहतंच. मुलीनं लिहून घेतलं, मी डस्टरनं फळा पुसला आणि तास संपला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी तेव्हा दुसऱ्यांसाठी वापरायचे.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तात्यांचे डोळे जात चालले होते. एकानं जवळजवळ दिसत नव्हतं, दुसऱ्यानं धूसर. तरी ते मागावर बसायचे. दोऱ्याला बोट लावून तुटला की काय ते ओळखायचे. मोतिया रंगाची, तांबड्या काठाची साडी लावली होती. रोज वीतभर व्हायची, कधी तेवढीही नाही. त्यांच्या सुनेला वाटत होतं, कुणा व्यापाऱ्याची ऑर्डर आहे. ती सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि कुरकुर करायची, 'मामा, डोळे गेले तरी व्यापारी सोडंना का तुमाला?' तात्या नुसते हसायचे.

एका दुपारी सून बाजारात गेली होती तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

'बाई, कुणाला सांगणार न्हाय ना?'

'नाही सांगणार.'

'शब्द?'

'शब्द.'

'ही व्यापाऱ्याची न्हाय. हिची हाय. सुनेची.'

अठरा वर्षांपूर्वी, पोराच्या लग्नात, आमच्या मागावरची साडी सुनेच्या अंगावर घालीन असं तात्या सगळ्यांसमोर बोलले होते. त्यांच्यात तो मान असतो, निदान तात्यांच्या घरात तरी होता. पण त्या वर्षी बायको आजारी पडली, माग बंद राहिला आणि सुनेला दुकानातली साडी नेसवून घरात आणलं. सून एका अक्षरानं काही बोलली नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. बायको गेली, मुलगा भिवंडीला कामाला गेला, तो सणासुदीला यायचा. घर या दोघांवर चाललं होतं. 'ती बोलली असती तर मी इसरलो असतो,' तात्या म्हणाले. 'ती बोलत न्हाय, म्हणून इसरता येत न्हाय बगा.' मग सुतावरून हात फिरवत म्हणाले, 'साडी मागावरनं उतरवली की तिला समोर बसवणार आन माझ्या तोंडानं सांगणार. हे तुझं, उशीर झाला, म्हणून.'

मी घरी आले तर माझे डोळे भरले होते. बत्तीस वर्षं मी फळ्याच्या डाव्या बाजूला जे लिहीत होते ते पहिल्यांदा कुणाच्या तरी घरात चालताना बघितलं होतं.

आता पाण्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसांआड येतं. दिवस साधारण ठाऊक असतो, वेळ ब्रह्मदेवालाही ठाऊक नसते. त्यामुळे पाण्याच्या दिवशी आम्ही सोलापूरकर एक गोष्ट करतो, जी दुसरीकडं कुणाला सांगितली तर वेड्यात काढतील : कोरडा नळ उघडून ठेवतो. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते, सूंऽऽ करून आवाज येतो, मग नळ दोन-चारदा खोकतो, आणि मग पाणी. तो आवाज आला की असाल तिथून धावायचं. जेवत असाल तर ताट सोडून, पूजेला बसला असाल तर घंटी खाली ठेवून. पाइप पिंपात धरून उभं राहायचं, कारण जोर आला की तो उसळून बाहेर पडतो. आणि शेजारी कुणी बाहेर गेलं असेल तर त्यांची किल्ली आपल्याकडं असते, त्यांचं पाणी आपण भरायचं. याचे आभार कुणी मानत नाही. पाणी भरलं म्हणून कुणी आभार मानतं का? नाही भरलं तर मात्र पाच पिढ्यांचा उद्धार होतो.

त्या दिवशी, मे महिन्यातल्या एका पाण्याच्या दिवशी, सून तात्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन निघाली होती. रिक्षा दारात उभी. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली.

'बाई, आज पाणी यायचंय. तेवढं बघा की.'

'बघते गं. जा तू निवांत.'

तात्यांनी रिक्षात बसता बसता माझ्याकडं तोंड करून हात वर केला. साडी संपायला दोन विती राहिल्या होत्या, ते आदल्याच दिवशी त्यांनी मला कानात सांगितलं होतं. ते लहान मुलासारखे खुशीत होते.

अकराच्या सुमारास मी त्यांचं घर उघडलं. नळ अंगणातल्या खड्ड्यात होता. तिथून पाइप मागाच्या खोलीतून आत स्वयंपाकघरातल्या पिंपात गेलेला. मी पाइप पिंपात नीट सोडला, बाहेर येऊन तोटी पूर्ण फिरवली, कोरडीच होती. दार लोटून कुलूप लावलं, कारण गल्लीत मोकाट कुत्री फार. घरी येऊन माझाही नळ उघडा ठेवला आणि उंबऱ्यात बसले. ऊन इतकं होतं की गल्ली हलल्यासारखी दिसत होती. डोळे मिटत होते. दोन नळ, दोन कान, आणि मी मध्ये पेंगत.

तेवढ्यात आवाज आला, पण पाण्याचा नव्हे. धप्प. डोळे उघडले तर समोर एक म्हातारी बाई पडलेली. डोक्यावरचं गाठोडं सुटून ज्वारी रस्त्यावर पसरली होती. मी धावले. अंग भट्टीसारखं तापलेलं. 'भाचीचं घर कुटं हाय गं...' एवढंच ती पुटपुटत होती. एसटीनं मंगळवेढ्याहून आली होती आणि या उन्हात पत्ता शोधत तासभर फिरत होती. गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाला होता, तो उडी मारून आला. 'बाई, पयले मुंडी पे पानी मारो! बातां बाद में!' माझ्या घरातला तांब्या आणून आम्ही तिच्या डोक्यावर ओतला, उचलून गाठोड्यासकट रिक्षात घातलं आणि तशीच मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. माझं दार उघडं, नळ उघडे. खरं सांगते, त्या क्षणी मला काही सुचलं नाही, आणि सुचायलाही नको होतं. माणूस मरत असताना तोटीचा विचार करणारी बाई मी नाही. इथपर्यंत माझं काहीही चुकलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे म्हणते.

चुकलं ते पुढं.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. गाठोड्यात भाचीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सापडली, मी फोन केला, आणि भाची नवऱ्याला घेऊन साडेबाराच्या आत धापा टाकत आली. म्हणजे माझं काम संपलं. तेव्हाच मी उठायला हवं होतं. पण भाचीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. तिचा नवरा म्हणाला, 'तुमच्या रूपानं देवच आला.' शेजारच्या खाटेवरच्या बाईनं सगळी हकिगत मला पुन्हा सांगायला लावली आणि मी सांगितली, जरा रंगवूनच. वर पंखा फिरत होता. कुणीतरी चहा आणला. म्हातारीनं डोळे उघडले आणि माझा हात धरून म्हणाली, 'तू नसतीस तर आज मी हितंच संपले असते बघ. लई उपकार केलेस, लेकी.' साठी उलटलेल्या मला लेकी! मला किती बरं वाटलं, काय सांगू! सगळं मऊ, गार, लांबचं वाटायला लागलं. मी तिथंच बसले. तास झाला, त्याहून जास्तच.

आणि मला नळ आठवला होता. हे त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नाही. चहाचा कप हातात असताना मला स्पष्ट आठवलं की तात्यांच्या नळाची तोटी उघडी आहे. मी मनात म्हटलं, अजून आलं नसेल पाणी. आणि चहाचा दुसरा घोट घेतला.

का? याचा मी नंतर खूप विचार केला. जीव वाचवला की लोक पाया पडतात. तोटी बंद केली म्हणून कुणी आजवर कुणाला हार घातलेला नाही. उजव्या बाजूचं कर्तव्य मला गोड लागलं आणि डावीकडचं मी टाळलं, त्याला निकडीचं नाव देऊन. निकड साडेबारालाच संपली होती.

परत आले तेव्हा गल्ली ओली होती. पाणी येऊन गेलं होतं. माझ्या उघड्या दारातून आत जाऊन कुणीतरी माझा नळ बंद केला होता. लोकांचे धुतलेले उंबरे, भरलेली पिंपं, दारादारात शिंतोडे. तात्यांचं दार सताड उघडं होतं. ते दोघं नुकतेच परत आले होते, दुसरी किल्ली सुनेकडं असायची. मी पायरीपर्यंत गेले आणि थांबले.

पाइप पिंपातून उसळून बाहेर पडला होता. खोली खाली, त्यामुळे पाणी बाहेर गल्लीत आलंच नाही, कुणाला कळलंही नाही. सगळं पाणी मागाच्या खड्ड्यात उतरलं, खड्डा भरला आणि वर चढलं. विणलेली साडी समोरच्या दांड्यावर गुंडाळलेली होती, ती अर्धी पाण्याखाली. तांबड्या काठाचा रंग फुटला होता. मोतिया अंगावर लाल पसरत गेला होता, आणि त्यावर खड्ड्यातली माती. कौलातल्या काचेतून उजेडाचा तो चौकोन पाण्यावर पडला होता आणि डुलत होता. दिसायला सुंदर होतं ते, देवा.

सून कमरेला पदर खोचून खड्ड्यात उभी राहून पातेल्यानं पाणी उपसत होती आणि रडत होती. तात्या खाटेवर बसले होते. डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं, एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं ऑपरेशन करू, पण आता मागावर बसायचं नाही, वाकायचं नाही, कधीच नाही. हे मला सुनेनंच उपसता उपसता सांगितलं. आणि मग म्हणाली, 'सगळं माझ्यामुळं झालं, बाई. सकाळी निघताना पाणी आलंय का बघायला मी तोटी फिरवली होती. बंदच केली नसणार. तोटी उघडीच व्हती.'

समोरची शेजारीण पायरीवर येऊन उभी होती. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, 'अगं, बाई तरी कुठं होत्या घरात? बाईंनी एक जीव वाचवला आज! रिक्षावाला सांगत होता सगळं.'

सुनेनं माझ्याकडं वर बघितलं. डोळे सुजलेले, हातात पातेलं. 'मग बरोबरच की. तुमचा काय दोष, बाई.'

मी काही बोलले नाही.

एवढंच. दोन शब्द होते, 'तोटी मी', आणि ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. मीही साडीचा पदर कमरेला खोचला आणि दुसरं पातेलं घेतलं. समोरची शेजारीणही खाली उतरली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघी पाणी उपसत होतो, आणि गल्लीतून येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणत होता, 'बाई बघा, एवढं करून पुन्हा इथं राबतायत.'

पुढचे चार दिवस मला नीट आठवत नाहीत, किंवा स्वप्नात आठवावेत तसे आठवतात. माग बंद. दुपारी इतकं शांत वाटायचं की कान दुखायचे. तात्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. साडीचं कळल्यावर ते सुनेला फक्त 'जाऊ दे' म्हणाले होते आणि तेव्हापासून गप्प होते. ते रागावलेत असं सुनेला वाटलं. ते रागावले नव्हते. माणूस गेल्यावर गप्प होतात तसे गप्प झाले होते, पण ते तिला कोण सांगणार? तिनं डागांवर लिंबू चोळलं, मीठ चोळलं, कुणी सांगितलं म्हणून ताक लावलं. लाल आणखी पसरला. ती त्यांच्यापुढं ताट ठेवायची आणि मान खाली घालून लगेच आत जायची. स्वतः जेवत नव्हती. भिंतीला भिंत, मला सगळं ऐकू यायचं. ताट ठेवल्याचा आवाज यायचा, दुसरं ताट मांडल्याचा यायचा नाही.

मी काय करत होते? विचार करत होते, माझा धंदाच तो. आधी स्वतःला समजावलं की परिणाम बघायला हवा, सांगून साडी थोडीच परत येणार आहे? मग म्हटलं, जीव वाचवला त्यापुढं साडी काय मोठी. मग वाटलं, भरपाई करावी, चांगली भारीतली साडी आणून द्यावी, म्हणजे झालं. भरपाईचंही कर्तव्य असतं, पुस्तकात त्यावर वेगळा परिच्छेद आहे. डोंबलाचा परिच्छेद! सारखं डोळ्यापुढं येत होतं ते त्या पोरीचं 'तुमचा काय दोष, बाई.' मी तिला तिच्याच घरात गुन्हेगार करून ठेवलं होतं. चौथ्या दिवशी दुपारी मला हातात घास धरवेना. रडले, अगदी हमसून हमसून. माझीच मला किळस आली.

पाचव्या दिवशी, पुन्हा पाण्याच्या दिवशी, सकाळी मी त्यांच्याकडं गेले. सून भाकरी थापत होती. तात्या खाटेवर उठून बसले होते. माग तसाच उभा होता आणि साडी तशीच त्याच्यावर, वाळून कडक झालेली. मी पायरीवर बसले, जिथं नेहमी बसायचे तिथंच, आणि म्हटलं, 'तोटी मी उघडली होती.'

भाकरी थापायचा आवाज थांबला.

मग मी सगळं सांगितलं. अकराला दार उघडलं, पाइप सोडला, तोटी फिरवली. म्हातारीला घेऊन गेले. साडेबारालाच निघता आलं असतं, निघाले नाही. आठवण झाली होती, तरी चहा पीत बसले. परत आल्यावर तू म्हणालीस, तुमचा काय दोष, तेव्हा गप्प बसले. चार दिवस गप्प बसले. सांगताना बरं वाटत होतं. एकेक वाक्य निघालं की छातीवरचं ओझं उतरत होतं, आणि मला ते फार हवंहवंसं झालं होतं.

सून पिठाच्या हातांनी बाहेर आली. 'ती म्हातारी जगली का?'

'जगली.'

'मग त्याचं मला काय न्हाय, बाई. त्या टायमाला तुमी गेलात, मी बी गेले असते. चहाचं बी सोडून देते. माणूस इसरतंय.' मग तिचा आवाज चढला. 'पण चार दिवस? चार दिवस मी यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाय! या वयात यांचं कापड मी बुडवलं म्हणून मी... तुमी भिंतीपलीकडं होता की! ऐकत होता की!' ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'कुण्या व्यापाऱ्याचं कापड ते, त्याच्यासाठी मला वाटलं मी विहीर जवळ करावी!'

हे ऐकलं आणि माझं भान सुटलं. तिला थांबवायचं होतं, तिचं दुःख आत्ताच्या आत्ता संपवायचं होतं, सगळं सगळं मोकळं करायचं होतं. एकदा खरं बोलायला लागलं की त्याचीही चटक लागते, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

'अगं, व्यापाऱ्याचं नव्हतंच ते,' मी म्हटलं. 'तुझीच साडी होती ती. लग्नातली. तात्यांनी अठरा वर्षांपूर्वी कबूल केलेली. तुझ्यासाठीच विणत होते ते.'

सुनेचा हात तोंडाशी गेला, गालाला पीठ लागलं. ती मागाकडं वळली आणि त्या डागाळलेल्या गुंडाळीवर तिनं हळूच हात ठेवला. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. खरंच वाटलं तसं. मी तात्यांकडं बघितलं.

तात्यांनी डोळे मिटले होते. त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते अगदी हळू, वर्गात एखाद्या मुलाला समजावतात तसं म्हणाले :

'बाई, कापड गेलं. डोळे गेले. तेवढं सांगायचं तरी माझ्यासाठी ठेवायचं व्हतं.'